डोमेन वॉल ओढत नाही, ढकलते : वहीत कसं काढायचं

सांगलीत एमएस्सी करणाऱ्या पोरापोरींनो, डोमेन वॉल म्हणजे दोन वेगळ्या निर्वात अवस्थांच्या मधली ऊर्जेची पातळ भिंत, तिचं गुरुत्वाकर्षण काढायचंय. डायरेक्ट आइन्स्टाइनची समीकरणं उघडून बसू नका, आधी प्रकाशाचा वेग c = 1 धरा आणि भिंतीचा दाब लिहून घ्या, कारण सगळी गंमत तिथंच आहे. भिंतीची एकक क्षेत्रफळामागची ऊर्जा σ, आणि तिच्यातला ताण पण तेवढाच, म्हणजे भिंतीच्या पृष्ठावरच्या दोन्ही दिशांना दाब −σ आणि भिंतीला लंब दिशेला शून्य.

आता न्यूटनच्या सूत्रात नुसती घनता असते तिथं घनता अधिक तिन्ही दाब टाका. σ − σ − σ = −σ, चिन्हच उलटलं की राव! साधा सपाट पत्रा 2πGσ नं ओढतो, ही भिंत तेवढ्याच त्वरणानं ढकलते.

पण एवढ्यावर वही मिटू नका, हे झालं कमजोर क्षेत्राचं, विलेंकिननं 1981 मध्ये दाखवलेलं. पूर्ण उत्तराला इस्राएलच्या जोडणीच्या अटी लावा (1966 च्या, भिंतीच्या दोन बाजूंचे अवकाशकाळ कसे जुळतात ते सांगणाऱ्या), दोन्ही बाजू सारख्या धरल्या की प्रत्येक बाजूला बाह्य वक्रता (भिंत अवकाशकाळात किती वाकलीय ते) 2πGσ येते. बाहेर दोन्हीकडं सपाट मिंकोवस्की अवकाशकाळच निघतो, वक्रता सगळी भिंतीवर, आणि 1/(2πGσ) अंतरावर क्षितिज, म्हणजे ज्याच्या पलीकडून भिंतीपर्यंत काही पोचत नाही अशी सीमा. स्थिर भिंतीचं उत्तर शोधत बसाल तर ते मिळणारच नाही, मेट्रिकमध्ये (अवकाशकाळातलं अंतर मोजायच्या सूत्रात) काळ येतोच, हे 1983-84 मध्ये विलेंकिन आणि इप्सर-सिकिवी यांनी काढलं.

चेक करायचं तर सपाट अवकाशकाळात हायपरबोलॉइड (हाच भिंतीचा मार्ग) काढा, आतला भाग ठेवा, तसाच दुसरा घेऊन कडेला कड चिकटवा. आत स्थिर बसलेल्याला भिंत वेग वाढवत लांब पळताना दिसते.