नाक चोंदलंय, अंगात जीव नाही? मग या चुका टाळा

कापूस वेचणीचे दिवस आले की आमच्या जळगाव-धुळ्याकडे पहाटे गोधडीतून हात बाहेर काढवत नाही आणि दुपारी शेतात घाम फुटतो. संध्याकाळी ओट्यावर कोणी ना कोणी तोंड पाडून बसलेलं असतं. "काय व्हयनं रे भाऊ?" विचारलं की उत्तर ठरलेलं: नाक बंद, अंग गळालंय.

नाक शेंबडानं भरतं म्हणून चोंदतं, असं आपण धरून चालतो. पण बहुतेक वेळा आतलं अस्तर सुजलेलं असतं, त्यातल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. म्हणून कितीही जोरानं शिंकरा, मोकळं होत नाही. उलट दाब कानाकडे जातो आणि दडा बसतो. एका वेळी एकच नाकपुडी, तीही हलक्या हातानं.

सगळ्यात महागात पडलेली चूक माझी स्वतःची. मेडिकलवरून नाक उघडणारे थेंब आणले. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असं बाटलीवर लिहिलेलं असतं, तेच. काही मिनिटांत नाक खुलं! आठवड्यात सर्दी गेली, बाटली मात्र महिनाभर उशीखाली राहिली. औषधाचा असर उतरला की अस्तर पुन्हा सुजतं, म्हणून पुन्हा थेंब, आणि दर वेळी लवकर. हे थेंब तीन दिवस, फार तर पाच. मी सोडले ते आधी एका नाकपुडीत बंद करून, ती मोकळी झाल्यावर दुसरीत. त्या आठ-दहा रात्री उशाला दोन उशा घेऊन बसल्यासारखंच झोपलो.

त्यापेक्षा मिठाचं पाणी बरं. पाणी उकळून कोमट होऊ द्यायचं, एका कपाला अर्धा छोटा चमचा मीठ. ते नाकात सोडायचं, दुसऱ्या दिवशी नवं करायचं. गरम लसणाचं किंवा मोहरीचं तेल नाकात घालू नका, तान्ह्या बाळाच्या तर मुळीच नाही. तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. वाफ मोठ्यांनी घ्यावी, बरं वाटतं. पण उकळत्या पाण्याचं पातेलं लेकरांपुढे ठेवू नका, पोळतं. ठेच्यानं नाक वाहतं खरं, पण थोड्या वेळानं पुन्हा जैसे थे.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. वरून तापाची वेगळी गोळी घेतली की डोस दुप्पट. पाकिटाची मागची बाजू वाचा. मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून 4 ग्रॅमच्या वर नाही. लिव्हरचा त्रास असेल किंवा रोजची दारू असेल तर आणखी कमी, तेही डॉक्टरांना विचारून. बीपीवाल्यांनी सर्दीची गोळी न विचारता घेऊच नये. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक लागतं असंही नाही, व्हायरसवर ते चालत नाही.

आता आपल्याकडचा खास आजार: "डॉक्टर, एक सलाईन लावा, ताकद येईल." ग्लुकोजच्या 5 टक्क्यांच्या 500 मिलीच्या बाटलीत साखर असते 25 ग्रॅम. म्हणजे 100 कॅलरीसुद्धा नाही, जवळपास एका केळ्याएवढी. ज्या जळगावच्या केळीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, त्या गावात माणूस सर्दी होईल म्हणून केळं टाळतो आणि पैसे मोजून ते सुईतून घेतो! केळ्यानं सर्दी होत नाही, ती व्हायरसनं होते. उलट्या थांबत नसतील, पाणी पोटात टिकत नसेल, तर सलाईन हवंच. नाहीतर मऊ खिचडी, उडदाच्या डाळीत कुस्करलेली कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, मीठ-साखरेचं लिंबूपाणी (शुगर असेल तर साखर वगळून). आणि दोन दिवस वेचणीला सुट्टी. तीच कोणी घेत नाही.

सर्दी साधारण आठ-दहा दिवसांत जाते, थकवा त्यानंतरही काही दिवस रेंगाळतो. पण धाप लागली, छातीत दुखलं, ताप तीन दिवस उतरला नाही, बरं वाटून पुन्हा बिघडलं किंवा चेहरा एकाच बाजूला ठणकायला लागला, तर दवाखाना गाठा. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर टीबी नाही ना हे पाहायला बेडक्याची तपासणी करा, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. सर्दी गेल्यावरही महिनाभर जिना चढवत नसेल तर हिमोग्लोबिन, शुगर पाहून घ्या. नंदुरबारकडच्या आदिवासी घरांत सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणीही राहू देऊ नका.