फोर्क केलेलं पोट्टं डिबगरच्या हातून निसटते? या चुका टाळा

कापसाच्या सीझनात जिनिंगच्या काट्यावरचा प्रोग्राम, वजन बरोबर येते पण पावती छापायला फोर्क केलेली (चालू प्रोसेसची कॉपी करून वेगळी चालवलेली) प्रोसेस मधेच मरते, आणि जीडीबी हा डिबगर (प्रोग्राम थांबवून आत काय चाललं ते पाहायचं टूल) लावला तं त्यात सगळं ओके. कारण जीडीबी बाय डिफॉल्ट पॅरेंटच्याच (मूळ प्रोसेसच्या) मागं राहते, चाइल्डला (नवीन कॉपीला) सोडून देते. सेट फॉलो-फोर्क-मोड चाइल्ड करा, दोघं पाहिजे असतील तं डिटॅच-ऑन-फोर्क ऑफ. ज्याचं एवढ्यात भागलं त्यानं पुढं नाही वाचलं तरी चालते, बाकीचं स्वतःचा ट्रेसर (दुसऱ्या प्रोसेसवर नजर ठेवणारा प्रोग्राम) लिहिणाऱ्या नाहीतर कर्नलमधे (ओएसच्या गाभ्यात) हात घालणाऱ्या पोट्ट्यांसाठी.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे फोर्क परतला की पीआयडी (प्रोसेसचा नंबर) घेऊन चाइल्डला अटॅच करू. नाही जमत भाऊ. तुम्ही अटॅच करेपर्यंत ते एक्झेक करून (स्वतःच्या जागी दुसरा प्रोग्राम चढवून), पावती छापून मोकळं पण झालं असते. यूजरस्पेसमधून, म्हणजे कर्नलच्या बाहेरून, कितीही पळा, ही रेस जिंकता येत नाही, कर्नलनंच नवीन प्रोसेस आधीच ट्रेस लागलेली आणि थांबलेली अशी जन्माला घालावी लागते, तिची एक पण इन्स्ट्रक्शन चालायच्या आधी. लिनक्सच्या पीट्रेसमधे (डिबगर ज्यातून दुसरी प्रोसेस थांबवते-तपासते तो कॉल) त्यासाठी ट्रेसफोर्क, ट्रेसव्हीफोर्क, ट्रेसक्लोन हे ऑप्शन कर्नल 2.5.46 पासून आहेत, फ्रीबीएसडीत पीटी_फॉलो_फोर्क.

ऑप्शन लावला म्हणून झालं असं नाही. पॅरेंटचा फोर्क इव्हेंट आधी आणि चाइल्डचा स्टॉप नंतर, असं धरून लोकं कोड लिहितात, अन् कधीकधी चाइल्डचाच स्टॉप आधी येते, वेटपिड (कोणती प्रोसेस थांबली ते सांगणारा कॉल) अनोळखी पीआयडी देते, कोड म्हणते हा आपला नाही, फेकून देते, आणि चाइल्ड पीएस कमांडच्या यादीत छोट्या टी स्टेटमधे (ट्रेसखाली थांबलेलं) लटकून बसते. तो पीआयडी टेबलमधे बाजूला ठेवा, पॅरेंटचा इव्हेंट आला की पीट्रेसच्या गेटइव्हेंटमेसेजनं नवीन पीआयडी काढून जुळवा, मगच दोघांना सोडा. सोडताना सुरुवातीचा सिगस्टॉप (थांबवायचा सिग्नल) चाइल्डला परत देऊ नका, सिग्नल शून्य द्या. जुनं कर्नल असेल तं वेटपिडला डबल अंडरस्कोर वॉल फ्लॅग पण लागते, 4.7 पासून ट्रेसीसाठी (ट्रेस होणाऱ्या प्रोसेससाठी) तो आपोआप धरल्या जाते.

आता ब्रेकपॉइंट (कोडमधे थांबायची खूण), इथं खरी गंमत आहे. एक्स८६ वर डिबगर कोडमधे 0xसीसी हा बाइट लिहिते, फोर्कमधे मेमरीसोबत तो पण कॉपी होते, आणि तो न काढता चाइल्डला डिटॅच केलं की त्या जागी पोचल्याबरोबर सिगट्रॅप (ब्रेकपॉइंटचा सिग्नल) बसून चाइल्ड खल्लास. डिबगरशिवाय चालते अन् डिबगरखाली मरते अशी तक्रार आली की मी आधी हेच पाहतो. म्हणून डिटॅचच्या आधी ब्रेकपॉइंट काढा. पण व्हीफोर्कमधे (मेमरी कॉपी न करणारा फोर्क) तेच कराल तं पॅरेंटचे पण उडतील, कारण मेमरी दोघांची एकच असते, तिथं व्हीफोर्क डन इव्हेंटपर्यंत थांबा अन् मग परत टाका.

मल्टीथ्रेडमधे एक्झेक कोणत्याही थ्रेडनं केला तरी तो नंतर लीडरच्याच (प्रोसेसच्या मुख्य थ्रेडच्या) आयडीनं दिसते, बाकी थ्रेड गेले समजा, टेबल साफ करा.

आणि अटॅच करताना परमिशन नाही असा एरर आला तं कोडला शिव्या देण्याआधी /प्रोक/सिस/कर्नल/यामा/पीट्रेस_स्कोप (कोण कोणाला अटॅच होऊ शकते ते ठरवणारी सेटिंग) पाहा. उबुंटूत तो 1 असते, म्हणजे स्वतःच्या वंशजांशिवाय कोणाला अटॅच होता येत नाही, तवा प्रोग्राम डिबगरमधूनच सुरू करा नाहीतर सुडो लावा.