कॉफी सादळू नये, खवट होऊ नये म्हणून

कॉफीची पूड दोन तऱ्हांनी बिघडते. हवेतला ओलावा ओढून ती सादळते, आणि ऑक्सिजनमुळे तिच्यातलं तेल जुन्या शेंगदाण्यांसारखं खवट होतं. सादळलेली पूड गुठळ्यांवरून लगेच ओळखू येते. खवटपणा मात्र कपात उतरेपर्यंत कळत नाही. म्हणून पुडीला हवा जितकी कमी लागेल तितकं बरं.

सुरुवात खरेदीपासून. दोघांच्या फिल्टर कॉफीला रोज साधारण २० ग्रॅम पूड लागत असेल, तर २०० ग्रॅमच आणा, दहा दिवसांत संपेल. दळलेल्या पुडीचा सुगंध दोन आठवड्यांत बराच उतरतो. अख्ख्या भाजलेल्या बिया नीट ठेवल्या तर महिनाभर छान राहतात, कारण दळल्यावर हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. कॉफीत मिसळतात ती चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) पाणी फार लवकर ओढते. त्यामुळे ६० टक्के कॉफी आणि ४० टक्के चिकोरीचं मिश्रण पावसाळ्यात शुद्ध कॉफीआधी दगड होतं.

आता साठवण. सगळी पूड एकाच मोठ्या बरणीत ओतू नका. रोज झाकण उघडलं की आत नवी हवा शिरते, आणि पूड कमी होत जाते तशी ही मोकळी जागा वाढत जाते. ६० ग्रॅम पूड छोट्या बरणीत काठोकाठ भरा, ती तीन दिवस चालेल. उरलेली मूळ पाकिटातच ठेवा: हवा दाबून काढा, तोंड दोन-तीनदा दुमडा, क्लिप लावा आणि पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तीन दिवसांनीच ते उघडायचं.

साधा स्टीलचा डबा बहुधा हवाबंद नसतो. पाणी भरून उलटा धरा. थेंब गळला तर तो कॉफीच्या कामाचा नाही. रबर किंवा सिलिकॉनची रिंग असलेली काचेची बरणी चांगली, पण ती बंद कपाटात हवी, उजेडात नको. लोणच्याची जुनी बरणी घ्यायची असेल तर रिंग बदला, तिच्यातला वास धुऊन जात नाही. गॅसशेजारचं आणि मसाल्यांचं कपाट टाळा. नवी पूड भरण्याआधी बरणी गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. कडेला चिकटलेलं जुनं तेल नव्या पुडीलाही वास लावतं.

इन्स्टंट कॉफीचा दगड होतो तो बहुतेक वेळा चमच्यामुळे. वाफाळत्या कपावर धरलेला चमचा पुन्हा बरणीत घालू नका.

पश्चिम किनाऱ्यावर कच्च्या बिया पावसाळी वाऱ्यात मुद्दाम फुगवून ‘मान्सून्ड मलबार’ नावाची कॉफी तयार करतात. पण ते कच्च्या बियांपुरतं. भाजलेल्या कॉफीची तोच वारा पार वाट लावतो.

रोजच्या वापराची कॉफी फ्रिजमध्ये नकोच. थंड बरणी ओट्यावर उघडली की दमट हवेतलं पाणी थेट पुडीवर जमतं, शिवाय कांदा-लसणाचा वास लागतो तो वेगळाच. कॉफी जास्तच आली असेल तर फ्रीझर चालतो. ५०-५० ग्रॅमच्या पुड्या हवा काढून दुहेरी पिशवीत बंद करा. हवी तेव्हा एकच पुडी आदल्या रात्री बाहेर काढा आणि सकाळी खोलीइतकी उबदार झाल्यावरच उघडा. बाहेर काढलेली पुडी परत फ्रीझरमध्ये ठेवू नका.