फायर इन्शुरन्सचा वर्षाचा हिशेब पेन्सिल घेऊन वाचा

भाच्याचं रबाळ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट आहे. पॉलिसी रिन्यू करायच्या आधी तो नौपाड्यात घरी आला आणि म्हणाला, "मामा, या सरकारी कंपनीनं फायरमध्ये फायदा दाखवलाय. मग लोक ती तोट्यात आहे असं का म्हणतात?" माझी सगळी नोकरी सरकारी विमा कंपनीच्या अकाउंट्समध्ये झाली, मार्च-एंडच्या रात्री मोजायचं मी सोडून दिलंय. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

अ‍ॅन्युअल रिपोर्टची पहिली गुळगुळीत पानं उलटून टाका. कंपनीच्या वेबसाइटवर पब्लिक डिस्क्लोजर, म्हणजे लोकांसाठी जाहीर केलेले हिशेबाचे तक्ते असतात, तिथला एनएल-१ नंबरचा तक्ता उघडा. हा रेव्हेन्यू अकाउंट, विम्याच्या धंद्याचा जमाखर्च. त्यात फायर, मरीन आणि मिसलेनियस असे वेगळे रकाने असतात. मोटर आणि हेल्थचा सगळा पसारा मिसलेनियसमध्ये. म्हणून फायर फायद्यात आणि कंपनी तोट्यात, हे एकाच वर्षी खरं असू शकतं.

मग एनएल-४, म्हणजे प्रीमियम. वरच्या ग्रॉस आकड्याला भुलू नका. मोठ्या कारखान्याची जोखीम कंपनी एकटी पेलत नाही, बराच हिस्सा री-इन्शुरन्सला, म्हणजे विमा कंपनी स्वतःच्या जोखमीचा दुसरीकडे जो विमा उतरवते त्याला जातो. जीआयसी री या सरकारी री-इन्शुरन्स कंपनीला तर द्यावाच लागतो, २०२२-२३ पासून ४ टक्के. शिवाय १ जानेवारीला सुरू झालेल्या पॉलिसीचे नऊ महिने पुढच्या आर्थिक वर्षात पडतात, तेवढा प्रीमियम बाजूला काढून ठेवतात. हे सगळं वजा जाऊन उरतो तो नेट अर्न्ड प्रीमियम. त्याच्याखाली रेघ मारा.

आता एनएल-५, क्लेम. इथे घाई करू नका, कारण खरी गंमत इथेच आहे. वर्षात दिलेले पैसे म्हणजे वर्षाचे क्लेम नव्हेत. दिलेले, अधिक ३१ मार्चला द्यायचे राहिलेले, वजा गेल्या ३१ मार्चला राहिलेले, असा इन्कर्ड आकडा निघतो. समजा २८ मार्चला गोडाऊन जळालं. राख अजून गरम आहे, सर्व्हेअरला आत पाय ठेवता येत नाही, तरी तीन दिवसांत फाइलवर आकडा पडलाच पाहिजे. कुणीतरी ४० लाख लिहितो. पुढच्या वर्षी क्लेम ६२ लाखांना सुटतो. वरचे २२ लाख पुढच्या वर्षाच्या माथी. उलट २५ लाखांत सुटला तर पुढच्या वर्षाला १५ लाखांचा फुकटचा फायदा. अशा शेकडो फाइली एकत्र धरा. म्हणून आउटस्टँडिंगची, म्हणजे द्यायच्या राहिलेल्या क्लेमची ओळ मागच्या वर्षाच्या ओळीशेजारी ठेवून बघायची. धंदा वाढला आणि आउटस्टँडिंग एकदम घटलं, तर मी भुवया उंचावतो.

इन्कर्डला नेट अर्न्डनं भागा. कमिशन आणि ऑफिसखर्च मिळून नेट प्रीमियमच्या (फक्त री-इन्शुरन्स वजा केलेल्या) किती टक्के ते काढा. दोन्हींची बेरीज १०० च्या वर गेली, तर विम्याच्या धंद्यात तोटा. कमिशन उणे दिसलं तर छपाईची चूक समजू नका, री-इन्शुरन्सवाल्यांकडून उलट कमिशन येतं.

मग भाच्यानं पाहिलेला फायदा आला कुठून? एनएल-१ मध्येच व्याज, डिव्हिडंड, भाडं अशी ओळ आहे, तिच्यावर शेअर विकून झालेला नफा. हे गुंतवणुकीचं उत्पन्न. ते झाकून बघितलं, तर पुष्कळदा फायदा हवेत विरतो.

आणि एकाच वर्षावरून निकाल देऊ नका. नाव फायर असलं तरी या पॉलिसीत पूर आणि वादळही येतं. २६ जुलै २००५ च्या पुरात भिजलेल्या मालाचे क्लेम फायरच्याच रकान्यात पडले. निदान पाच वर्षं ओळीनं मांडा.

भाच्याला खरी काळजी होती ती क्लेम मिळेल का याची. त्यासाठी सॉल्व्हन्सी मार्जिन, म्हणजे देणी भागवायची कंपनीची ताकद बघायची, किमान १.५० लागतं. चार सरकारी कंपन्यांपैकी तिघींना सरकारनं २०१९-२० ते २०२१-२२ या काळात १७,४५० कोटी रुपये भांडवल दिलं, ते याच आकड्यापायी. तेव्हा 'सरकारी' म्हटलं की चारही एका माळेत ओवू नका. ज्या कंपनीची पॉलिसी घ्यायचीय, तिचाच कागद उघडा.