फ्री डिशची छत्री घरच्या घरी कशी लावावी

कोयनेच्या खोऱ्यात मी टीव्हीच्या छत्र्या बसवतो. मोबाइलवर सगळं दिसतं, मग छत्री कशाला, असं पोरं विचारतात. घरात फोन एकच आणि तो मुलाबरोबर मुंबईला, अशा घरातल्या आजीलाही सह्याद्रीवरच्या बातम्या दिसल्या पाहिजेत, म्हणून. दूरदर्शनची ही फ्री डिश सेवा २००४ पासून चालू आहे आणि तिला महिन्याचं भाडं नाही. छपरावरचा काड्यांचा अँटेना मात्र उतरवा; दूरदर्शनचे जमिनीवरचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत जवळजवळ सगळे बंद झाले.

आधी खांब. ओळंबा धरून तो अगदी सरळ उभा करा. खांब कलला की पुढचे सगळे अंश चुकतात. पत्र्यावर नको, वाऱ्याने हलतो.

आता दिशा. जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आमच्या पाटणकडून तो आग्नेयेला, होकायंत्रावर सुमारे १३० अंशांवर येतो. नागपुरात १४४ च्या आसपास. होकायंत्र लोखंडी खांबापासून चार पावलं लांब धरा. उंची, म्हणजे क्षितिजापासून वर बघायचा कोन, दोन्हीकडे ६० अंशांच्या जवळपास. इतकी उंच नजर असल्यामुळे डोंगर सहसा आड येत नाही, आड येतो अंगणातला फणस. झाड छत्रीपेक्षा दहा फूट उंच असेल, तर छत्री त्याच्यापासून निदान सहा-सात फूट लांब हवी. ताट बघायला मात्र बरंच उभं वाटेल. एलएनबी, म्हणजे ताटासमोरचा सिग्नल पकडणारा डबा, मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो, म्हणून. डोळ्यांवर जाऊ नका, मागच्या पट्टीवरचे अंश बघा.

वायर जोडताना टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स बंद ठेवा. मग मेन्यूत जीसॅट-१५ निवडा आणि एलएनबीची फ्रिक्वेन्सी ९७५०/१०६०० ठेवा. एकजण खाली टीव्हीपाशी बसून पडद्यावरचे स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी हे सिग्नलचे दोन आकडे ओरडून सांगेल. स्ट्रेंग्थवर विश्वास ठेवू नका, ती छत्री भलतीकडे असतानाही दिसते. क्वालिटी बघायची. छत्री डावी-उजवी बोटभर सरकवा, थांबा, बॉक्सला पकडायला वेळ द्या. क्वालिटी आली की उंची किंचित खाली-वर करून बघा, शेवटी एलएनबी गोल फिरवून बघा. जिथे आकडा सर्वात जास्त, तिथेच नट आवळा. आवळताना छत्री हलते, म्हणून दोन्ही बाजूंचे नट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे.

चित्र दिसलं की बरेचजण तिथेच थांबतात. तसं करू नका. मुसळधार पावसात क्वालिटी घसरतेच, म्हणून उन्हाळ्यात मिळेल तेवढा वरचा आकडा गाठून ठेवा. जोडावर वॉटरप्रूफ टेप गुंडाळा. वायर घरात घेण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं. इकडे वानरं छत्रीला लोंबकळतात, तेव्हा नट दर पावसाळ्याआधी तपासा.

बॉक्स घेताना एमपेग-४ या नव्या पद्धतीचाच घ्या, जुन्या बॉक्सवर कमी वाहिन्या दिसतात. वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो आणि यादी बदलते, म्हणून एप्रिलमध्ये एकदा ऑटो स्कॅन लावाच.