घेऊन झालेली वस्तू गिऱ्हाइकाच्या मागे लावू नका

साइटवर येऊन गेलेल्यांना पुन्हा जाहिरात दाखवायची, म्हणजे रिटार्गेटिंग, तर ती कुणाला आणि किती दिवस, एवढंच इथे बघू. पिक्सेल (साइटवर कोण काय करतो ते जाहिरात कंपनीला कळवणारा कोड) बसवणं, कॅम्पेन चालू करणं, बजेट टाकणं तुम्हाला येतं असं धरून चालतो. याद्या तीन करा: नुसतं बघून गेलेले, कार्टमध्ये टाकून सटकलेले आणि घेऊन मोकळे झालेले.

मग मुदत ठरवा. गूगलच्या डिस्प्ले जाहिरातींत माणूस 540 दिवसांपर्यंत यादीत ठेवता येतो, मेटावर (फेसबुक, इन्स्टाग्राम) वेबसाइट बघून गेलेला 180 दिवस. ठेवता येतो म्हणून ठेवायचा नसतो. मोबाइलचं कव्हर शोधणारा दोन-चार दिवसांत कुठूनतरी घेतोच. त्याला महिन्याने कव्हर दाखवणं म्हणजे वरातीमागून घोडं. सोफा घेणारा मात्र महिनाभर घोळ घालतो. आपल्या जुन्या ऑर्डरी उघडून पहिली भेट आणि खरेदी यांत किती दिवस गेले ते बघा आणि मुदत तेवढीच ठेवा.

खरी डोकेदुखी आहे घेतलेल्यांना वगळणं. जो तो सांगतो, पैसे भरल्यावर येणाऱ्या ‘थँक यू’ पानावर खरेदीचा इव्हेंट (खरेदी झाल्याची नोंद) लावा, ती यादी वगळा, झालं. झालं काय, कपाळ! पैसे कापले गेल्याचं दिसलं की कितीतरी लोक तिथूनच टॅब बंद करतात. तुमचं ते पान उघडतच नाही. कुणी मोबाइलवर बघतो नि लॅपटॉपवर घेतो. कुणाकडे ॲड ब्लॉकर असतो. पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी (माणूस ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) ॲपलचा सफारी ब्राउझर 7 दिवसांत पुसतो. आयफोनवर तर एप्रिल 2021 मध्ये आलेल्या आयओएस 14.5 पासून माग काढण्याआधी ॲपला परवानगी मागावी लागते, आणि ‘नको’ म्हणायला एक टिचकी पुरते. ही सगळी मंडळी पैसे देऊनही तुमच्या लेखी ‘कार्ट सोडून गेलेली’च राहतात.

म्हणून ब्राउझरच्या भरवशावर राहू नका. ऑर्डर पक्की झाली की इव्हेंट थेट तुमच्या साइटच्या सर्व्हरवरून जाहिरात कंपनीला पाठवा. ब्राउझरचाही चालू ठेवणार असाल तर दोन्हींना एकच इव्हेंट आयडी (ओळख क्रमांक) द्या, नाहीतर एक विक्री दोनदा मोजली जाते. शिवाय ज्यांनी संमती दिली आहे त्यांचे ईमेल वगळण्याच्या यादीत रोज चढवा. ‘आठवड्यातून एकदा पुरे’ हा सल्ला कव्हर विकणाऱ्याच्या काही कामाचा नाही.

प्रिंटरच्या शाईसारखी संपणारी वस्तू असेल तर ती संपत येण्याच्या सुमारास वगळणं उठवा. एका माणसाला जाहिरात किती वेळा दिसावी यावरही मर्यादा घाला.

शेवटी स्वतः एक ऑर्डर द्या, पैसे भरा आणि ‘थँक यू’ पान यायच्या आत टॅब बंद करा. खरेदीचा इव्हेंट तरीही नोंदला गेला, तरच बजेट वाढवा.