लायब्ररीयनना रिसर्च डेटा शिकवायचाय? पीपीटी बंद करा, एक्सेल उघडा

मी नागपुरात मेडिकल लायब्ररीत काम करते. आपल्या लायब्ररीयन मंडळींना डेटा मॅनेजमेंट शिकवायचं म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलं, हे आयटीवाल्यांचं काम आहे. अहो आपलंच आहे, जन्मभर कॅटलॉगिंग केलंय ना, मेटाडेटा (माहितीबद्दलची माहिती) म्हणजे तेच.

विदर्भात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहितीये, म्हणून त्याचीच एक खोटी शीट बनवा, चाळीसेक ओळींची, आणि मुद्दाम बिघडवा. वयाच्या कॉलममध्ये कुठे '२', कुठे '२४ महिने', तारीख ०३/०४/२२ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च कळू नये अशी, आणि रिकामा सेल म्हणजे टेस्ट केलीच नाही की निगेटिव्ह आली हे कुठेच लिहिलेलं नाही. दोघादोघांना बसवा आणि विचारा, रेसिडेंट (पीजी करणारा डॉक्टर) पास होऊन गेला, पाच वर्षांनी ही फाईल कोणाला कळेल? मग त्यांच्याकडूनच कोडबुक लिहून घ्या, प्रत्येक कॉलमचं नाव, अर्थ, युनिट, कोड. अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या. एक्सेल काही जनुकांच्या (जीन्सच्या) नावांच्या परस्पर तारखा करायचं, शेवटी २०२० मध्ये ती नावंच बदलली, हे सांगितलं की सगळे सावरून बसतात.

आता नावाचा कॉलम उडवा आणि विचारा, झाली का माहिती सुरक्षित? बहुतेक जण हो म्हणतात. पण लहानसं गाव, १९ वर्षांची मुलगी, रिपोर्ट एसएस (म्हणजे सिकल सेलचा आजार आहे), एवढ्यावर गावातला कोणीही ओळखेल, आणि आपल्याकडे हे कळलं की गोष्ट थेट तिच्या लग्नापर्यंत जाते. म्हणून गावाऐवजी जिल्हा, वयाऐवजी वयोगट, आणि कोणत्या नावाला शीटमध्ये कोणता नंबर दिलाय ती यादी वेगळ्या, पासवर्डच्या फाईलमध्ये. मला विचाराल तर हा भाग कधीच गाळू नका. सोबत आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं ठेवा आणि एक संमतीपत्र मोठ्याने वाचून घ्या, डेटा पुढे इतरांना देण्याबद्दल त्यात काही लिहिलंय का ते बघायला.

बाकीचं पटकन होतं. बॅकअपच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक बिल्डिंगबाहेर. झेनोडो या रिसर्च डेटा ठेवायच्या वेबसाइटवर फुकट डीओआय (फाईलचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) मिळतो, फाईल खुली न ठेवताही. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआय या देशातल्या ट्रायल्सच्या नोंदवहीत नोंदणी.

ट्रेनिंग झालं की प्रत्येकाला एक रेसिडेंट जोडून द्या, पण थिसिस सबमिशनच्या धावपळीत नको, सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) एथिक्स कमिटीकडे जायच्या आधी, म्हणजे कॉलम कसे ठेवायचे आणि फाईल कोणाकडे राहणार हे पहिला फॉर्म भरायच्या आतच ठरतं.